पुलाखालची पोती

प्रिय अवीनो,

तिकडे तुमच्या गावात मका कमरेएवढा झाला असेल. इथे मथारेच्या वस्तीत पाऊस लांबलाय, नदी अजून शांत आहे. आमच्या शनिवारच्या सफाई मंडळाने तुला आमंत्रण धाडायचं काम माझ्यावर टाकलंय. पुलाशेजारचा उकिरडा उपसून आम्ही तिथे केळी लावल्या, सुकुमाची भाजी लावली. येत्या शनिवारी त्या बागेला तुझ्या लेकीचं, अकेयोचं नाव द्यायचंय आणि तू यावंस अशी सगळ्यांची इच्छा आहे.

मी आता गमबूट घालून गटारात उतरते, खरं वाटणार नाही तुला. एक शनिवार चुकवत नाही. मंडळाचे म्हातारे वाइनाइना चिडवतात, "हिचं नदीशीच लग्न लावून द्या रे, नवरा तरी सुखात राहील!" बाया खिदळतात, मीही हसते. पण कुणी "मामा अकेयो कशी आहे गं?" म्हणून तुझी चौकशी केली की हातातलं फावडं थांबतं. लेक जाऊन दोन वर्षं झाली, तरी तू इथे सगळ्यांना 'मामा अकेयो', अकेयोची आईच आहेस. कधीकधी कुणी ते नाव घेतलेलंही नसतं आणि मला ऐकू येतं. मी मागे वळून पाहते. मला फार भीती वाटते गं.

नदी घेऊन जाते, असंच आपण सगळ्या म्हणायचो ना? कचरा पोत्यांत भरून काठावर रचायचा आणि पावसात लोंढा आला की ढकलून द्यायचा. मी तर बावीस खोल्यांची राखणदार, सगळ्यांचा कचरा माझ्याकडे. पुढे तो कुठे जातो, कधी विचार केला नाही. खालच्या रांगेत तू राहत होतीस, तरीही नाही केला.

त्या दुपारी वरून लोंढा आला. मी तेरा पोती ढकलली, हात धुतले आणि चहा टाकला. तासाभरात पुलाखालचा नळा तुंबला आणि पाणी उलटं फिरून तुमच्या रांगेत शिरलं. तू बाजारात होतीस. अकेयो तापाने निजलेली. मयताला सगळ्यांनी वरच्या बंगलेवाल्यांना शिव्या घातल्या, सरकारला घातल्या. तुला कुशीत धरून मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने घातल्या. तेव्हा माझा त्यावर विश्वासही होता.

गेल्या महिन्यात आम्ही त्या नळ्यातला गाळ काढला. आत पोती निघाली, एकावर एक घट्ट बसलेली. तोंडं माझ्या कमरेला गुंडाळायच्या जुन्या पिवळ्या लेसोच्या चिंध्यांनी बांधलेली. ती गाठ मी माझ्या हाताने मारलेली, अवीनो. वाइनाइना म्हणाले, "कोण असेल हा नालायक?" ती पोती मीच हातगाडीवर चढवली.

आमंत्रण वेगळ्या कागदावर, याच पाकिटात आहे. हे पत्र मंडळाला ठाऊक नाही. शनिवारी बागेला नाव देण्याआधी मी उभी राहून सगळं सांगणार आहे, तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी. पण ते चारचौघांत तुझ्या कानावर पडू नये म्हणून आधी तुला लिहिलं. माफी मागायला तोंड नाही मला. आलीस तर एवढंच कर, मी बोलताना रडले तर सवयीने मला जवळ घेऊ नकोस.

तुझीच म्हणवायचा हक्क आता तुझ्या हातात,
न्दुकू