आतल्या संगणकाचा ताप

प्रिय पोरी,

आधी बातमी सांगते, कारण ती माझ्या पोटात मावत नाहीये. आतल्या संगणकाला आता ताप दिसतो. आणि हे मी केलं. तुझा हात न लागता, संगणकाच्या दुकानदाराला न बोलावता. हवं तर भरतकामाच्या मशीनवरच्या बॉबिनताईला विचार, ती साक्षीला होती. तेव्हापासून मी कारखान्यात मान जरा वर करूनच फिरतेय आणि कुणी विचारलं नाही तरी सांगतेय. परवा दोऱ्याची रिळं पोचवायला आलेल्या माणसालाही सांगितलं. त्या बिचाऱ्याला एवढंच कळलं की कुणाला तरी ताप होता आणि आता बरं आहे.

नक्षी काढायचं आपलं जुनं सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालेना, तेव्हा तू नव्याच्या पोटात जुना संगणक बसवून दिलास. व्हर्च्युअल मशीन म्हणालीस त्याला. आतला संगणक खरा नाही, बाहेरच्याने घेतलेलं ते सोंग आहे, असं समजावलंस, आणि मी कळल्यासारखी मान हलवली. तेव्हापासून माझा सगळा दिवस त्या आतल्यातच जातो. बाहेर काय चाललंय ते तिथून दिसतही नाही. या उन्हाळ्यात मात्र नक्षी अर्ध्यावर असताना पडदा काळा व्हायला लागला. शाळेच्या गणवेशांवरची चिन्हं दोनदा पहिल्यापासून काढावी लागली. शाळेच्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं की पुन्हा असं झालं तर आम्ही दुसरीकडे जाऊ. तू फोनवर म्हणालीस की तो तापत असणार, तापमानावर लक्ष ठेवा. आणि मग हळूच म्हणालीस, आता तिथलंच कुणीतरी बघा, दरवेळी मला कुठवर विचारणार? ते मी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. पण लागलं हो ते.

म्हटलं, बघतेच आता. संगणकाच्या मुख्य पाटीवर, त्या मदरबोर्डवर, उष्णता मोजणारे सेन्सर असतात एवढं कळलं होतं. ते दाखवणारा एक प्रोग्राम आत घातला, तो कोराच. दुसरा घातला, त्याने झटकन अडतीस अंश दाखवलं. मी टाळ्याच पिटल्या. बॉबिनताईला बोलावलं, दोरे कापणाऱ्या पोराला बोलावलं, सगळ्यांना चहा पाजला. दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबल्या दाबल्या अडतीस. भर दुपारी संगणकाच्या डब्याला हात लावला तर चटका बसला, आणि पडद्यावर आपलं अडतीसच! तेव्हा कळलं घोडं कुठे पेंड खातंय. अगं, सोंगाला ताप येईल कुठून? आतल्याचा मदरबोर्डच खोटा, मग त्याचा सेन्सर तरी खरा कुठला असायला. दुकानदार आधी फोनवर हेच सांगत होता आणि मी त्याच्यावर डाफरले होते. त्याचं बरोबर होतं, ते मी त्याला जाऊन सांगितलं. मात्र नवीन संगणक घ्या हे त्याचं पुढचं म्हणणं काही मी ऐकलं नाही.

मग बाहेरच्या संगणकाकडे वळले. तर त्या शहाण्यालाही काही दिसेना, कारण सेन्सर वाचणारी चिप कुठली आहे हेच त्याला ओळखता येत नव्हतं. इंटरनेटवर माझ्या मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं, तेव्हा कुणा अनोळखी भल्या माणसाने सांगितलं की चिपवरचं नाव वाचा आणि तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिला बोलतं करणारा प्रोग्राम, चालू करा. मग काय, डबा उघडला. टाके मोजायचं आपलं भिंग घेतलं आणि नाव वाचलं. केवढीशी अक्षरं ती! बॉबिनताई टॉर्च धरून उभी होती आणि दर मिनिटाला म्हणत होती की शॉक बसेल. ड्रायव्हर चालू झाला आणि बाहेर खरे आकडे दिसले, वरखाली होणारे. आता ते आत कसे न्यायचे? तर ज्या सामायिक फोल्डरातून आपण नक्षी बाहेर काढतो, त्याच फोल्डरातून मी ताप आत पाठवला. बाहेरचा दर थोड्या वेळाने आकडा लिहून ठेवतो, आतली छोटी खिडकी तो वाचते. दोन ओळींची आज्ञा, पण नाकी नऊ आले. एक टिंब चुकलं की सगळं ठप्प. पण चुकलेला टाका उसवून परत घालायचा, हे काही मला कुणी शिकवायला नको होतं.

आकडा नक्षीच्या शेजारी दिसायला लागला आणि खरा चोर सापडला. कापडाचा उडणारा रुवा आत जाऊ नये म्हणून बॉबिनताईने डब्याला जाड कापडाची, आत कापूस घातलेली, वर फुलं भरलेली सुंदर खोळ शिवली होती. भरदार नक्षी काढायला घेतली की आकडा नव्वदीला जायचा. खोळ काढली, मागची जाळी ब्रशने झाडली, आणि आकडा आमच्या डोळ्यांसमोर भराभर उतरला. बॉबिनताई आधी फुगून बसली. मग हळहळून म्हणाली, "बिचाऱ्याला भर उन्हाळ्यात स्वेटर घातलं होतं होय आपण?" आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. गणवेश वेळेवर गेले. शाळेच्या बाईंनी पुढच्या वर्षीचंही काम दिलं.

आता हे सगळं फोनवर न सांगता लिहीत का बसले ते सांगते. कोर्टात तुमच्या सह्या झाल्यापासून मी तुला फक्त संगणक बिघडला की फोन करते. पोरगा माझा आहे, आपलेच दात आणि आपलेच ओठ, त्यावर मी बोलणार नाही. पण तुला नुसता फोन कुठल्या तोंडाने करू, हे मला सुचत नव्हतं. म्हणून कधी प्रिंटर रुसायचा, कधी अक्षरं लहान दिसायची. त्यातलं निम्मं खोटं होतं, तुलाही कळत असेल. तू तिकडून माझ्या संगणकात शिरायचीस, पडद्यावरचा बाण आपोआप फिरायचा, आणि मला वाटायचं तू शेजारी बसली आहेस. तो आकडा पहिल्यांदा आत दिसला तेव्हा मी आनंदाने ओरडले, तुला लावायला फोन उचलला आणि तसाच खाली ठेवला. आता तुला फोन कशासाठी करायचा? एकदा वाटलं, द्यावं सगळं पूर्ववत करून. पण मग तुला अभिमान कशाचा वाटणार? सूनबाई म्हणायचा हक्क त्या कागदाने गेला असेल, पोरी म्हणायचा मी सोडलेला नाही. तर रविवारी सकाळी मी फोन करणार आहे. संगणक ठणठणीत आहे, प्रिंटरही. काहीही बिघडलेलं नाही. तरी उचल.

तुझीच,
आई