न विचारता ओढायचा प्लग

टाम्पेरे, शनिवार

प्रिय आई,

मी मजेत आहे, वेळेवर जेवतेय. तुझा राय धान्याचा काळा पाव आजच संपला. हाताचं प्लास्टर निघालं का? अंगणातल्या बर्फावर पाय घसरू नये म्हणून रेती टाकायला शेजारच्या एइनोकाकांना सांग, स्वतः जाऊ नकोस.

आमचं ट्रॅकर, म्हणजे जुन्या व्हिडिओगेमच्या यंत्रावर गाणी रचायचं सॉफ्टवेअर, होत आलंय. एकच खोट उरलीय. गाणं सेव्ह होताना वीज गेली की अख्खं गाणं पुसलं जातं. परवा चाचणीत एका मुलीचं वर्षभराचं काम असंच गेलं. हे दुरुस्त झाल्याशिवाय मी ते कुणाच्याही हाती देणार नाही.

कामातला माझा जोडीदार यौनी तपासायला मुद्दाम प्लग ओढतो, पण आधी विचारतो, "ओढू का गं?" वीज काय अशी विचारून जाते?

लहानपणी "सौना तापलाय, ऊठ!" म्हणत वाफेच्या अंघोळीला न्यायला तू माझ्या गेमचा प्लग खटकन ओढायचीस. किती भांडायचे मी! आता तोच हात हवाय. बरा झाला की ये. मी गाणं सेव्ह करत बसते, तू न विचारता ओढ. आणि मग बघ, जातंय का ते!

तुझी हट्टी,
मेर्वी