माळावरचा लाल डाग

अहो,

साष्टांग नमस्कार. गुडघ्यांमुळे तोंडीच घालते. बोलतेय मी, लिहितेय आपली नात. तेव्हा वळणदार अक्षर बघून फसू नका.

मी इथे हिच्याकडे मजेत आहे. गोळ्या वेळेवर घेते. तुम्ही घेता ना?

काल या पोरीनं मला तिच्या ऑफिसात नेलं. उपग्रहानं आभाळातून काढलेले जमिनीचे फोटो ती कॉम्प्युटरवर रंगवते. तग धरून असलेली जमीन हिरवी, वाळवंट व्हायच्या वाटेवरची लाल. म्हटलं, "आमची दाखव." विहिरीजवळचं शेत हिरवंगार, पण वरचा माळ लालभडक! मी पदर डोळ्यांना लावला. तिथली माती दरवर्षी वाहून जाते, असं तुम्ही म्हणताच.

पोर म्हणाली, "आजी, लगेच डोळ्यांना पदर लावू नकोस. कॉम्प्युटरला उघडा खडकही लालच वाटतो. खात्रीसाठी तिथे जाऊन माती उकरून बघावी लागते."

"मग जाणार कोण?"

"मीच. पुढच्या महिन्यात."

ऐकलंत? तीन वर्षं आपण घसा कोरडा करून बोलावलं, तर फिरकली नाही. माळानं एकदा बोलावलं आणि निघाली! हे लिहितानासुद्धा ही दात काढतेय.

मीही तिच्याबरोबरच येते. माळ खरंच आजारी असला तर तिघं मिळून बांध घालू, गवत लावू. तोवर मात्र तुम्ही उत्साहानं तिथे काही हिरवं लावू नका. वरून दिसलं तर हिचं येणं रद्द व्हायचं!

उपग्रहापेक्षा बारीक नजर तुमच्यावर ठेवून असलेली,
तुमचीच