तुझ्या हिरव्या लुगड्याखालची झाडं

प्रिय आत्या,

ढग पांगलेत. सकाळपासून लख्ख ऊन पडलंय आणि मी विहिरीच्या कठड्यावर बसून तुझ्या डाळिंबांच्या पानांकडं नुसती बघतेय. तू स्वतःच्या हातानं लावलेली ही ओळ जगते की जाते, ते आज दिवस मावळेपर्यंत कळेल. जिवाला चैन नाही. कुणाशी बोलावं, तर तुझा लेक तोंडात मिठाची गुळणी धरून ओळीच्या त्या टोकाला बसलाय. म्हटलं, तुलाच लिहावं. नाहीतरी ह्या सगळ्याच्या मुळाशी तूच आहेस!

रागावू नकोस. पण मला सांग, जाता जाता माणूस देवाचं नाव घेतं, लेकरांच्या डोक्यावर हात ठेवतं. तू काय म्हणालीस? "माझी लुगडी कुणाला वाटत बसू नगा. बागंला घाला." बास! अगं, घाला म्हणालीस, ठीक आहे. मग कधी काढा, ते कोण सांगणार?

तुझ्या लेकानं, दत्तानं, तुझे शब्द गाठीला बांधले. शिमग्यानंतर ऊन चटकायला लागलं, तशा सगळ्यांनी आपापल्या डाळिंबांवर जुन्या साड्या पांघरल्या. फळाची पाठ करपू नये म्हणून आपल्याकडं घालतातच. आपल्याही बाकीच्या बागेवर दरवर्षीच्या विकतच्या साड्या पडल्या, झिरझिरीत, विटलेल्या, आरपार दिसणाऱ्या. तुझ्या ओळीवर मात्र तुझी नऊवारी आली. जाड सुती, तीही दुहेरी करून. आणि मधल्या झाडांवर तुझं ते हिरवंगार इरकली लुगडं. "झाडाला हिरवंच शोभतंय," म्हणाला. सुतळीची एकेक गाठ त्यानं दोन-दोनदा मारली.

तुला आठवतं, मी लग्न होऊन आले त्या वर्षी आपण दोघी ह्याच ओळीत खुरपत होतो? मी तुझ्या सख्ख्या भावाची पोर, तुला लहानपणापासून अगं-तुगं करणारी. लग्नानंतर सगळे म्हणाले, आता सासू आहे, अहो म्हण. तू म्हणालीस, "भाची अहो म्हणाया लागली तर मी परकी झाले की!" आणि मग खुरपं थांबवून मला छेडलंस, "बारामतीला जाऊन बारावी सायन्स केलंस न्हवं? मग सांग की, ह्ये झाड खातं काय?"

मी म्हटलं, "पान म्हणजे चूल समज. मुळं पाणी वर धाडतात. पानाला खालच्या अंगाला बारीक बारीक तोंडं असतात, त्यातून हवेतला वायू आत येतो, आपण श्वास सोडतो ना, त्यातला. आणि जाळ उन्हाचा."

"आन शिजतं काय?"

"साखर."

"आन धूर कुठं जातुया?"

"धूर नाही गं. उन्हाच्या जोरावर पान पाणी फोडतं. त्यातला प्राणवायू बाहेर सोडतं, आपल्याला श्वासाला लागतो तो."

तू हसून हसून बांधावर बसलीस. "अगं बया! आपण टाकलेलं आत घेती आन चांगलं तेवढं भायेर देती. उलटीच चूल म्हणायची की ही! मग रातच्याला जाळ न्हाय, तवा काय खातं?"

"दिवसा केलेली साखर मोडून खातं."

"म्हंजी ऊन साठवून ठेवलं की तिनं!"

तेव्हापासून आल्यागेल्याला डाळिंब फोडून देताना तुझं एकच, "घ्या, चैतातलं ऊन खावा." लोक बघत राहायचे. मी आत जाऊन हसायचे. आता कुणी तसं म्हणत नाही आणि मला डाळिंब गोड लागत नाही, खरं सांगते.

वैशाखात माझ्या लक्षात यायला लागलं. बाकीची बाग चांगली होती, तुझीच ओळ मलूल. लुगड्याच्या काठाबाहेर फुटवे निघालेले, लांबलचक, काडीसारखे, उजेड शोधत. आत डोकावले तर खाली पिवळ्या पानांचा सडा. लिंबाएवढी फळं गळून पडलेली. आणि सगळ्यात वाईट हाल कुठं? तुझ्या हिरव्या लुगड्याखाली!

आत्या, पान हिरवं का दिसतं माहितीय? त्याला भूक तांबड्या आणि निळ्या उजेडाची. हिरवा उजेड त्याला तेवढा लागत नाही, तो ते बाकीच्यांपेक्षा जास्त परत टाकतं. तेच परत टाकलेलं आपल्या डोळ्याला दिसतं. आणि हिरव्या लुगड्यातून गाळून आत काय येणार? हिरवंच. पाहुण्याला आग्रहानं पाटावर बसवायचं आणि त्याला न आवडणारी भाजी तेवढी वाढायची, तसली गत. तुझी झाडं साठवणीतलं मोडून खात होती. ते किती दिवस पुरणार?

मी दत्ताला म्हटलं, "लुगडी काढू."

"आईनं घालाया सांगितल्यात."

"आई गेली, दत्ता."

झालं. तेव्हापासून माणूस माझ्याशी बोलेना. व्हय आणि न्हाय, एवढंच. ताट वाढलं की खाली मान घालून जेवायचा. दुपारी सगळे जरा आडवे झाले की हा उठून तुझ्या ओळीत जायचा आणि त्या हिरव्या लुगड्याखाली शिरून बसायचा. मला वाटायचं फळं बघतोय. फळं कसली बघतोय!

तुझा भाऊ, म्हणजे माझे आबा, पणदऱ्याहून आले तेव्हा मी त्यांना मध्ये घातलं. ते मलाच म्हणाले, "आक्काची लुगडी हायती. ऱ्हाऊ दे की पोरी, त्याचं मन मोडू नगं." माझं डोकंच फिरलं. "लुगडी तिची, मग झाडं कुणाची? तीबी तिचीच न्हवं?" आबा चहा न घेताच निघाले. तू असतीस तर आम्हा दोघांनाही धरून बसवलं असतंस.

मग परवा आभाळ भरून आलं. मला वाटलं, हीच वेळ. सावलीत वाढलेलं पान पातळ असतं, हलकं असतं. त्याच्यावर एकदम कडक ऊन पडलं तर ते भाजून निघतं. लुगडी काढायची तर ढगातच काढायची, म्हणजे पानांना दोन-चार दिवस सवय होईल. मी दत्ताच्या मागं लागले. त्यानं ऐकलं नाही. आणि काल दुपारी बघते तर मावळतीकडं ढग विरळ व्हायला लागलेले! विळा उचलला आणि तडक ओळीत गेले.

पहिली सुतळी कापली आणि तो धावत आला. हिरव्या लुगड्याचं एक टोक माझ्या हातात, दुसरं त्याच्या.

"सुरे, सोड त्ये!"

"न्हाय सोडत."

"फाटंल."

"फाटू दे! झाडं मेल्यावर लुगडं काय माझ्या डोक्याला बांधू?"

"आईचं एवढंच ऱ्हायलंय गं."

असं म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला. माझा हात ढिला पडला. मग मी त्याचं मनगट धरलं आणि त्याला ओढत लुगड्याखाली आत नेलं. आम्ही दोघं वाकून उभे. सगळं हिरवं, त्याचं तोंडसुद्धा.

"हितं बसलं की तिचा वास येतुया," तो म्हणाला. "तुला येतुया का?"

मला कुजलेल्या पानांचा वास येत होता, आत्या. तरी मी म्हटलं, "व्हय, येतोय." तुझी शपथ, दुसरं काही तोंडातून निघालंच नाही.

खाली पडलेलं एक फळ उचलून मी त्याच्या हातात दिलं. त्यानं ते अंगठ्यानं फोडलं. दाणे पांढरेफटक. त्यातले दोन-चार तोंडात टाकले, तोंड वाकडं झालं. किती वेळ चावत राहिला. मग हळूच म्हणाला, "ऊन न्हाय ह्यात."

तुझे शब्द! मला रडूच कोसळलं.

त्यानं माझ्या हातातून विळा घेतला आणि एकेक गाठ स्वतः कापली. लुगडी उतरली. मग दोघांनी धरून घड्या घातल्या. नऊवारीची घडी म्हणजे दोघांनी दोन टोकांना उभं राहायचं, आणि दुमडत दुमडत एकमेकांजवळ यायचं. तुझ्याबरोबर किती वेळा घातलीय मी! काल त्याच्याबरोबर घातली. जवळ आलो की तो मान फिरवायचा. शेवटच्या घडीला मात्र त्यानं वर बघितलं.

आणि आज हे ऊन! एका संध्याकाळच्या ढगांत पानांना कसली सवय होणार गं? दहाच्या सुमारास शेंड्यांनी माना टाकल्या. कडेच्या दोन झाडांच्या पानांच्या कडा तांबूस व्हायला लागल्यात. ती दोन बहुतेक जाणार. मधली अजून तग धरून आहेत. मी हे लिहितेय आणि दर ओळीला मान वर करून बघतेय. माझंच चुकलं तर? परवाच विळा उचलायला हवा होता का? की आबांचं ऐकून गप्प बसायला हवं होतं? तू असतीस तर म्हणाली असतीस, "हात लावलास न्हवं, आता निभाव."

थांब. तो उठलाय.

गोठ्याकडं गेला होता. बाकीच्या बागेतल्या उरलेल्या साड्या घेऊन आलाय, त्या विकतच्या, झिरझिरीत, पांढरट. माझ्याकडं न बघता एकेका झाडावर टाकत चाललाय, एकेरी, खालून हवा खेळेल अशा मोकळ्या. मी सांगितलं नव्हतं. सगळी ओळ झाकून झाली आणि आता तो माझ्यासमोर येऊन उभा राहिलाय, घामानं निथळत. कित्येक दिवसांनी आपण होऊन मला बागेचं काही विचारलं.

"सुरे, ह्या कधी काढायच्या?"

मी त्याला म्हटलं, "ऊन कललं की."

आत्या, घालायचं तू सांगून गेलीस. काढायची वेळ आता मी सांगत जाईन. झाडांना आणि त्यालाही. हा माझा शब्द. तुझं हिरवं लुगडं घडी घालून माझ्या पेटीत ठेवलंय. त्याचा वास घ्यायला तो येईल तेव्हा मी पेटी उघडून देईन, पण त्याला तिथं बसू देणार नाही.

तुझी भाची, आणि मग सून,
सुरेखा