एकतिसावं पान

प्रिय कमलकाकू,

बारावा गठ्ठा बांधून सुतळीला गाठ मारली आणि आता तीच गाठ सोडत बसले आहे. तिसऱ्या कपाटातली सगळी पुस्तकं जमिनीवर आहेत. उद्या सकाळी दहाला रद्दीवाल्याचा टेम्पो येणार. यादीवर सही माझी आहे. तुम्हाला जाऊन चार महिने झाले, एवढ्या दिवसांत तुम्हाला लिहावंसं वाटलं नाही. आज लिहिते, कारण आज दुपारी मला कळलं की इतकी वर्षं तुम्ही माझ्यापासून एक गोष्ट लपवली होती.

आधी यादीचं सांगते. आपल्या पाथर्डीच्या वाचनालयात आता स्पर्धा परीक्षेची मुलंमुली जास्त येतात. जागा नसली की पायरीवर बसून अभ्यास करतात. त्यांना खोली हवी, यात वाद नाही. तिसरं कपाट काढून तिथे टेबलं लावायची, असं कार्यकारी मंडळाने ठरवलं. "तीन वर्षांत दोनदासुद्धा बाहेर गेली नाहीत ती पुस्तकं बाद करा," अध्यक्ष म्हणाले. मी देवघेव रजिस्टर उघडलं. त्या कपाटातलं जवळजवळ प्रत्येक पुस्तक एकदाच गेलेलं, तेही एकाच कार्डावर. भामाबाई, वेशीजवळची गल्ली. पुस्तकाला वाचक एक. यादी करायला मला दोन दिवससुद्धा लागले नाहीत.

तुम्ही त्याला बायकांचं कपाट म्हणायचात. मला ते नाव पटायचं नाही. कपाटाला विषयाप्रमाणे नाव हवं, असं मी म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, "विषय तोच आहे."

तो खोडरबर आठवतो का? मी नवी होते. मराठीतली एम.ए. आणि ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन आलेली. आपला दुसरा शिक्का प्रत्येक पुस्तकाच्या एकतिसाव्या पानावर असतो, आणि त्या शिक्क्याभोवती मला पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. कुठे टिंब, कुठे फुली, कुठे अर्धा चंद्र. पुस्तक आपण वाचलंय हे लक्षात राहावं म्हणून बायका खूण करतात, असं तुम्ही सांगितलंत. मी म्हटलं, हे पुस्तक खराब करणं आहे. मग दर शनिवारी दुपारी मी खुणा खोडत बसायचे. तुम्ही काउंटरवरून बघायचात आणि म्हणायचात, "खोड बाई, खोड. हात चांगला चालतो तुझा."

दोन वर्षांनी खुणा बंद झाल्या. वाचकांना शिस्त लागली, असं मी वार्षिक सभेत उभं राहून सांगितलं. तुम्ही शेजारीच होतात. "हिला पेढा द्या," म्हणालात. सगळे हसले. मीही हसले. काकू, तेव्हा तरी सांगायचं होतं.

आज दुपारी भामाबाई पुस्तक बदलायला आल्या. गठ्ठे बघून दारातच थांबल्या.

"ह्ये कुटं निघालं?"

"रद्दीत. कोणी वाचत नाही."

"कोन म्हनतं?"

"रजिस्टर."

"त्येला डोळं हायेत का?"

त्यांनी वरच्या गठ्ठ्यातलं एक पुस्तक ओढून काढलं. एकतिसावं पान उघडलं आणि खिडकीकडे धरलं. शिक्क्याभोवती सुईची भोकं होती. बारीक. पान टेबलावर ठेवलं की दिसायची नाहीत.

"ह्ये वरचं माजं," भामाबाई म्हणाल्या. "ह्ये सूनबाईचं. ह्ये मशीनवाल्या रुक्मीचं. ह्या कोपऱ्यात अंगनवाडीच्या बाई. आमी सातजनी हाय. पुस्तक एका दारातून दुसऱ्या दारात जातं. जिचं भोक न्हाई तिची पाळी."

"मग बाकी सहाजणींनी कार्ड का नाही काढलं?"

"अर्जावर जामीन लागतो ना? कुनाच्या दारात जायचं सही मागाया? काकू म्हनल्या, एका कार्डात भागवा."

"आणि सुई?"

"पेन्सिल तुमी खोडीत हुता. आमाला लई राग आल्ता. काकू म्हनल्या, पोरीला काय बोलू नका. शिकल्याली हाय, येळ लागंल. तवर सुई वापरा."

शिक्क्याच्या अगदी खाली दोन भोकं शेजारी शेजारी होती. ही कुणाची, म्हणून विचारलं.

"तुमाला म्हाईत न्हाई?" त्यांना खरंच नवल वाटलं. "काकूंची. समद्यात हायेत ती."

त्या गेल्यावर मी पुस्तकं एकेक करून खिडकीशी नेली. दोन भोकं प्रत्येकात आहेत. संपूर्ण कपाट तुम्ही वाचलं होतंत.

मला मात्र म्हणायचात, "मी आपली देवघेव करते. वाचायला वेळ कुठे असतो?" आणि मी ते खरं मानलं. नऊ वर्षांत एकाही पुस्तकाबद्दल तुम्हाला विचारलं नाही, तुमचं मत काय झालं, शेवट पटला का, काहीच नाही. नवीन पुस्तकं आली की मीच तुम्हाला सांगायचे कोणतं चांगलं आहे. तुम्ही ऐकून घ्यायचात. हे मला आज सगळ्यात जास्त लागलं.

पण तुमचंही चुकलंच. मला शिकवायचं होतंत. माणूस आपोआप शहाणं होईल म्हणून वाट बघत बसायचं, हा काय मार्ग झाला? मी आणखी चार दिवस उशिरा शहाणी झाले असते तर?

भामाबाईंची सून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाते तेव्हा पुस्तक बरोबर नेते, हेही आजच कळलं. एकदा परत आलेल्या पुस्तकात मला उसाचं पाचट सापडलं होतं. मी ते चिमटीत धरून तुमच्यापुढे आणलं, तक्रार करायला. तुम्ही म्हणालात, "लांबून आलंय ते. आधी पाणी विचार त्याला." मला तो तुमचा नेहमीचा विनोद वाटला. पुढच्या वर्षी तुम्ही तिसऱ्या कपाटाला पिशव्या ठेवल्यात, शिवलेल्या, नाडीच्या. त्या कशासाठी, हेही मी विचारलं नव्हतं. आज एक उघडली. आत पाचटाचा चुरा आहे.

यादी फाडणं सोपं आहे, पण मुलामुलींना टेबलं हवीतच आणि अध्यक्षांना तोंड द्यायचं आहे ते मलाच. माझीच सही, माझंच रजिस्टर. चुकलं म्हणून सांगायला मला लाज वाटत नाही. मात्र नुसतं चुकलं म्हणून जागा होत नाही. संध्याकाळपर्यंत मी टेप घेऊन सगळं मापलं.

ग्रंथपालाची खोली तुम्हाला कधी लागली नाही. तुम्ही निवृत्त झाल्यावर मी प्लायवूड लावून ती करून घेतली, दारावर पाटी लावली. तिच्यात सहा टेबलं बसतात. कपाट काढून पाचच बसली असती. म्हणून उद्या मी माझी खोली देणार आहे, आणि तुम्ही बसायचात तिथे, काउंटरवर, दारासमोर बसणार आहे. अध्यक्ष नाही म्हणणार नाहीत. म्हणाले, तर पुस्तकं घेऊन त्यांना खिडकीशी उभं करीन.

जामीन मात्र हवाच, नियम आहे. पण जामीन ग्रंथपालानेही राहायला हरकत नाही, हे मी आज नियमावलीत दोनदा वाचलं. तुम्हाला हे सापडलं नव्हतं, काकू. एवढं एक तरी मला सापडलं. बाकी सहाजणींचे सहा अर्ज काढून ठेवले आहेत, सहाही अर्जांवर जामीनदार म्हणून सही केली आहे.

भामाबाई जाताना पदराची सुई काढून टेबलावर ठेवून गेल्या. "ऱ्हाऊ द्या. लागंल." मी या कपाटातलं एकही पुस्तक वाचलेलं नाही. आता वाचीन, पहिल्या फळीपासून, क्रमाने. आणि पूर्ण वाचल्याशिवाय एकाही पानाला सुई लावणार नाही, हा शब्द देते. खोडरबर टाकून दिला आहे.

तुमच्या काउंटरवरून,
सुनंदा

ता. क. सकाळ. भामाबाई साडेनऊला आल्या, बरोबर चौघी होत्या. अध्यक्षांनी चष्मा पुसला, पुस्तक खिडकीशी धरलं आणि विचारलं, "किती जणी आहेत या?" भामाबाई म्हणाल्या, "मोजा की." त्यांनी चार पुस्तकं पाहिली आणि यादी माझ्या हातात परत दिली. टेम्पो रिकामा गेला. मुलांनी माझं टेबल बाहेर आणलं आणि प्लायवूडच्या दारावरची पाटी काढली. पहिल्या फळीवरचं पहिलं पुस्तक मी घेतलं आहे. अजून एकतिसाव्या पानापर्यंत पोचले नाही.