वेदीसाठी सात कबरी

ता. १२ जानेवारी

ती. वन्सं यांना,
सप्रेम सलाम वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. भावोजी आता उशीला टेकून बसतात हे वाचून बरं वाटलं. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलत जा, पाठीला जखम होऊ देऊ नका. ह्यांच्या शेवटच्या महिन्यात मी ते उशिरा शिकले. इथे बाइंडिंगखान्यात मी भूगोलाच्या पुस्तकाच्या पानांचे फर्मे शिवते आहे. सुई थांबवून वाचत बसले की मालक विचारतात, तुम्हाला पगार द्यायचा की तुमच्याकडून फी घ्यायची.

आता मुद्द्याचं लिहिते. आपलं चर्च पाडायचं ठरलं. छताचे वासे पोखरले आहेत आणि इमारत वापरू नका अशी नगरपालिकेची नोटीस आली. घरं आपली एकतीस, पण नवीन बांधायला सगळे एका पायावर तयार झाले. अडलं ते जागेपाशी. इंजिनिअर म्हणतात, जुन्या पायावर नवी इमारत पेलणार नाही; पुढे रस्ता आहे, तिकडे सरकता येत नाही. बाजूच्या उतारावर सरकायचं तर आधी माती धरून ठेवणारी दगडी भिंत हवी आणि तिचा खर्च चर्चच्या निम्म्याइतका; खजिनदारांना तो जड वाटतो. नाहीतर मागे सरकायचं. मागे त्या सात कबरी आहेत. त्या गावाबाहेरच्या दफनभूमीत हलवल्या तर वेदी तिथे येईल आणि भिंत लागणार नाही.

पाच घरांनी संमतीच्या कागदावर सह्या केल्या. राहिल्या दोन कबरी, ह्यांची आणि तुमच्या चिमणीची. पाळकसाहेबांनी तुम्हाला विचारायला सांगितलं म्हणून विचारते. माझं मत विचाराल तर नाही म्हणा. निजलेल्यांना उठवू नये. भिंतीचं काहीतरी बघता येईल. चिमणीच्या कबरीवर फूल ठेवलं.

लोभ आहेच, तो असाच ठेवा.
तुमची भावजय


ता. २० जानेवारी

प्रिय वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

तू सांगायच्या आधीच माझं नाही ठरलं होतं. पाळकसाहेबांना सांग, माझी लेक काही वाटेत पडलेला दगड नाही, उचलला आणि बाजूला ठेवला. सहा वर्षांची पोर तिथे ठेवून मी ह्यांच्या नोकरीमागे या गावात आले, त्याला तेरा वर्षं झाली. आता ह्यांना लकवा मारल्यावर तर उंबऱ्याबाहेर पाय टाकता येत नाही. तुझ्या पत्रात चिमणीच्या कबरीवर फूल ठेवल्याची ओळ असते ना, ती मी आधी शोधते आणि मग बाकीचं वाचते. तेवढंच माझं तिच्याकडे जाणं.

आणि खजिनदाराला भिंतीचा खर्च जड होतो म्हणे! तो लहानपणापासून तसाच. आमच्या वर्गात पेन्सिलीचं टोक मोजून उसनं द्यायचा आणि मोजून परत घ्यायचा. त्याला म्हणावं, म्हातारीनं तुझे कान ओढायला यायचं ठरवलं तर बसभाडं मंडळीच्या खर्चात धरावं लागेल.

तू खंबीर राहा. आमचा धाकटा भाऊ असता तर त्यानं स्वतः दगड रचून भिंत उभी केली असती. गवंडी घरात असण्याचा तेवढा तरी उपयोग झाला असता.

जपून राहा आणि आमची आठवण ठेव.
तुझी वन्सं


ता. २ मार्च

ती. वन्सं यांना,
सप्रेम सलाम वि. वि.

चर्च पाडलं. आता उपासना अंगणात, ताडपत्रीखाली होते. वारा सुटला की ताडपत्री फडफडते आणि पाळकसाहेबांचं अर्धं बोलणं ऐकू येत नाही. म्हातारी माणसं सतरंजीवर बसतात, उठताना दोघांनी हात द्यावा लागतो.

खजिनदार दर रविवारी जमलेली वर्गणी वाचून दाखवतात. शिंप्यानं आपलं दुसरं मशीन विकलं. शाळेत झाडू मारणाऱ्या बाईनं कानातलं दिलं. तरी भिंत धरली तर छताला पैसे उरत नाहीत. वाचून झालं की सगळे माझ्याकडे बघतात. मागच्या रविवारी माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. एकीनं तर तोंडावर म्हटलं की दोन मेलेल्यांपायी साठ जिवंत माणसं उन्हात बसवलीस. मी खाली बघून गाण्याचं पुस्तक चाळत राहिले.

म्हणून एक ठरवलं. बाइंडिंगखान्यातला माझा फंड आणि ह्यांच्या मागे मिळालेली रक्कम, दोन्ही भिंतीसाठी देते असं चर्चच्या पंचांना सांगितलं. पुढची खोलीही भाड्यानं देईन. खजिनदारांनी ऐकून चष्मा काढून पुसला. तेव्हा तुम्ही काळजी करू नका आणि सही करू नका. कबरी आहेत तिथेच राहू देत.

चिमणीच्या कबरीवर फूल ठेवलं.

माया कमी करू नका.
तुमची भावजय


ता. १० मार्च

प्रिय वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

खुळी आहेस का तू? तुझं पत्र मी तुझ्या भावोजींना वाचून दाखवलं. त्यांना नीट बोलता येत नाही, पण डोळ्यांतून पाणी आलं. दिवसभर सुई ओढून बोटांना घट्टे पडले तुझ्या, आणि ते पैसे उतारावरच्या दगडांत घालणार? म्हातारपणी कुणाच्या दारात बसशील? माझ्या लेकीपायी तू उघड्यावर पडावंस आणि मी बघत बसावं, एवढी मी दगड नाही. धाकट्यानं माझ्याशी बोलणं सोडलं असतं.

सोबत संमतीचा कागद सही करून पाठवते. एक पैसा भिंतीला द्यायचा नाही. दिलास तर माझं तोंड बघू नकोस.

एवढं मात्र कर. त्या दिवशी तू स्वतः उभी राहा, मजुरांवर सोडू नकोस. पेटी लहान आहे, दोन हातांवर उचलता येईल एवढी. तिच्या बापानं स्वतः ठोकली होती. नवीन जागी तिला मामाशेजारी ठेव. आमच्या दोघांच्या ऐवजी तू आहेस म्हणून हे जमतंय, नाहीतर मी कधीच हो म्हटलं नसतं.

तुझ्यावरचा जीव आहे तसाच आहे.
तुझी वन्सं


ता. ९ मे

ती. वन्सं यांना,
सलाम.

काल कबरी उघडल्या. चिमणी सापडली नाही. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही वाट बघणार नाही.

दोन वर्षांपूर्वी कबरींवरचे लाकडी क्रूस मी रंगवायला घरी आणले होते. अक्षर बरं म्हणून ते काम माझ्याकडे दिलं होतं. सातही माझ्या गॅलरीत वाळत होते, तेवढ्यात पंचांनी मागचं आवार नीट करायला घेतलं. मातीचे उंचवटे सपाट केले, कुंपण सरकवलं, वर खडी पसरली. मी क्रूस घेऊन गेले तर समोर नुसती खडी. ह्यांची जागा मला डोळे मिटूनही सापडेल असं वाटायचं, पण काहीच ओळखू येईना. त्याच वेळी कुणाला तरी विचारायचं होतं. पण एवढं साधं काम मला दिलेलं, ते बिघडलं असं सांगायची लाज वाटली. मी अंदाजानं सारख्या अंतरावर सात क्रूस रोवले आणि घरी आले. लोक आपापल्या नावापुढे येऊन उभे राहू लागले. मग बोलता आलं नाही.

तुमच्या नावानं दर महिन्याला फूल ठेवलं हे खोटं नाही. पण कुणावर ठेवलं ते मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. चिमणीच्या क्रूसाखाली तुमचा भाऊ निघाला. शिडीवरून पडल्यावर पायात घातलेली सळई तशीच होती, त्यावरून ओळखलं. बाकीची पाच मोठी माणसं आहेत एवढंच कळतं. सातव्या खड्ड्यात काहीच नव्हतं.

मी तिथेच, खड्ड्याच्या काठावर, सगळ्यांना सांगितलं. खजिनदारांची आई त्या पाचांत आहे. त्यांनी फक्त विचारलं की दोन वर्षं ते कुणापुढे गुडघे टेकत होते. त्या पाचांना एकाच जागी ठेवून एका दगडावर पाच नावं कोरायचं ठरलं.

भिंतीला पैसे देते म्हटलं, ते तुम्हाला प्रेम वाटलं. ती भीती होती. खणलंच नाही तर कळणार नाही, एवढाच हिशेब. त्या भीतीपायी तुम्ही सही केलीत. कागद आला तेव्हा तरी लिहायला हवं होतं. तो मी दीड महिना डब्यात ठेवला. शेवटी पाळकसाहेब दारात आले, तेव्हा काढून दिला.

कुंपण सरकवलं तेव्हा पेटी बहुधा कुंपणाकडच्या पट्ट्यात गेली असेल, पण नक्की कुणालाच माहीत नाही. इंजिनिअर म्हणतात, शोधायचं तर सगळं आवार खणावं लागेल, तरी इतक्या वर्षांत एवढ्याशा पेटीचं काही उरलं असेलच असं नाही. पायाचं काम थांबवलं आहे. भाड्यानं आणलेलं मशीन नुसतं उभं आहे, पण मंडळीनं तुमच्या शब्दासाठी थांबायचं ठरवलं आहे. तुम्ही म्हणाल तर मी स्वतः माती चाळीन.

माफी मागायला तोंड नाही.
तुमची भावजय


ता. १७ मे

वहिनी,

खणू नका. दर फावड्याला तुम्ही वाकून बघणार आणि मी इथे पोस्टमनची वाट बघणार, ते मला झेपायचं नाही. पाया भरा. ती त्याच जमिनीत कुठेतरी आहे, एवढ्यावर मी राहीन.

तुझं पत्र आलं तेव्हा तुझे भावोजी जागे होते. चिमणीला मामाशेजारी ठेवलं का, असं त्यांनी खुणेनं विचारलं. मी हो म्हटलं. जागा कशी आहे विचारलं, तर सावली आहे, शेजारी झाड आहे, असं बोलत गेले. आता ते रोज विचारतात आणि मी रोज काहीतरी नवीन सांगते. काल तर झाडावरची पाखरंसुद्धा सांगून झाली. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून पाखरं परत घेता येईनात.

तू दोन वर्षं कशी गप्प बसलीस ते मला या आठवड्यात समजलं. समजलं म्हणून राग गेला असं धरून चालू नकोस. तो आहे.

पत्रं बंद करू नकोस. ह्यांना वाचून दाखवायला लागतील. त्यांत काय असायला हवं ते तुला सांगायला नको. माझ्यासाठी वेगळा कागद घालत जा आणि त्यावर असेल तेच लिही: भिंती किती वर आल्या, तुझ्याशी कोण बोलतं, कोण बोलत नाही. पाकीट मीच फोडते.

लोभाबद्दल आज काही लिहीत नाही.
तुझी वन्सं