एका चार्जिंगमध्ये शेवगाव

शेवगाव,
५ जानेवारी २०२६

चि. सौ. ज्योतीस गोरखदादाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर विषय काढला की तुला नेमकं कुणाचं तरी रक्त काढायला जायचं असतं, म्हणून पत्र लिहितो. आपले वडीलही मोठ्या कामाचं बोलणं पत्रानंच करायचे. ऊस कारखान्याला गेला. आईचे गुडघे दुखतात, बाकी ठीक. बुधवारी २८ तारखेला इथल्या रजिस्टर ऑफिसात हक्कसोड पत्राची वेळ घेतली आहे. वडिलांच्या मागं जमिनीच्या उताऱ्यावर तुझं नाव लागलं ते कायद्याप्रमाणे. आता बहिणीनं भावासाठी सही करायची, ही आपली रीत. आधार कार्ड आणि दोन फोटो आण.

भाऊबीजेला तुला नवी कोरी इलेक्ट्रिक स्कूटर ओवाळणीत घातली. अख्ख्या भावकीत एवढी ओवाळणी कुणी घातली नाही. पेट्रोल नको, लायसन नको, एका चार्जिंगमध्ये साठ किलोमीटर. आमची ज्योती विमानातून उतरावं तशी लॅबमध्ये उतरते, असं मी सगळ्यांना सांगत असतो. पाव्हण्यांना नमस्कार. लोभ आहेच, तो सहीच्या दिवशी दिसावा.

तुझा,
गोरखनाथ


खडकवस्ती, ता. नेवासा,
९ जानेवारी

ती. गोरखदादास ज्योतीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुझ्या विमानाचं ऐक. लॅब माझ्या दारापासून अकरा किलोमीटर. परवा रात्रभर चार्ज केलेलं विमान सातव्या किलोमीटरला बसलं. उसाचे ट्रॅक्टर अंगाला घासून जात होते आणि मी ओढणी कमरेला बांधून चार किलोमीटर ती ढकलत नेली. महिन्यातली ही पाचवी वेळ. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं साडेसातपासून ओट्यावर बसलेली असतात. शुगर असलेली एक म्हातारी वाट बघता बघता भोवळ येऊन पडली, कपाळाला खोक पडली. लॅबच्या मालकीण जयामॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं की आणखी एकदा उशीर झाला तर दुसरी मुलगी ठेवीन. त्यांचं काहीच चुकलं नाही, आणि मला त्याचाच जास्त राग येतो.

शोरूमवाला म्हणतो, बिल दाखवा, बॅटरी गॅरंटीत बदलून देतो. बिल तुझ्याकडं. मी तीनदा मागितलं. एकदा कपाटाची किल्ली सापडत नव्हती, एकदा तू शेतात होतास, एकदा फोनच कापलास. दादा, हे काम मी लग्नानंतर शिकले. दिशा पोटात असताना परीक्षा दिली. तुझ्या कपाटाच्या किल्लीपायी ते घालवणार नाही.

बिल पाठव, मग सहीचं बोलू. आईचे गुडघे शेकायला वहिनींना सांग. नाहीतर तूच शेक.

रागावलेली, तरी तुझीच,
ज्योती


शेवगाव,
संक्रांत, १४ जानेवारी

सौ. ज्योतीवन्संना सुकन्याचा नमस्कार.

माझा फोन हे बघतात, म्हणून तिळगुळाच्या डब्यात कागदाखाली हे ठेवते. बिलाची वाट बघू नका. बिल नाहीच. गाडी नवी नव्हती. श्रीमंत नावाचे ह्यांचे एक मित्र आहेत, त्यांच्या दुकानाचा माल दोन वर्षं तिच्यावरून पोचवला जायचा. नवं सीटकव्हर घातलं, नवे स्टिकर लावले आणि हार मी ओवला. मला तेव्हाच माहीत होतं. ओवाळताना तुमचे डोळे भरले, तेव्हा मी स्वयंपाकघरात निघून गेले. आई एवढंच म्हणाल्या, “पोरीचं नाव उताऱ्यावर हाय तवर गोरखला झोप न्हाई.”

माझीही सही माझ्या भावानं अशीच घेतली होती, एका साडीवर. माझं नाव कुठं येऊ देऊ नका, मला ह्याच घरात राहायचं आहे. माफी कोणत्या तोंडानं मागू, म्हणून मागत नाही. दिशाला गोड पापा.

तुमची वहिनी,
सुकन्या


खडकवस्ती,
१७ जानेवारी

ती. गोरखदादास सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला. बिल राहू दे, मी २८ तारखेला येते. तुझ्या ओवाळणीवर बसून येते. माझ्या दारापासून रजिस्टर ऑफिस सेहेचाळीस किलोमीटर आहे. तू साठ म्हणतोस, म्हणजे चौदा शिल्लकच राहतील. आदल्या रात्री पूर्ण चार्ज करीन, सकाळी सातला निघेन. आमचे हे टेम्पो घेऊन मागून येतो म्हणाले, त्यांना नको म्हटलं.

तुझ्या गाडीनं मला ऑफिसच्या दारात आणलं, तर एक शब्द न बोलता तू सांगशील तिथं सही करीन. वाटेत बंद पडली, तर तिथूनच मागं फिरेन. तुझ्या साक्षीदारांनाही हे वाचून दाखव. आईला नमस्कार.

तुझी,
ज्योती


शेवगाव,
२१ जानेवारी

चि. सौ. ज्योतीस आशीर्वाद.

असला हट्ट बरा नव्हे. रस्त्यानं उसाची वाहतूक आहे, भेंडा गावाच्या पुढं खड्डे आहेत. एकट्या बाईनं एवढ्या लांब यायचं आणि त्या गाडीच्या भरवशावर, हे मला पटत नाही. वाटेत काही झालं तर लोक मला बोलतील. सकाळी आठला दारात जीप पाठवतो. तू नुसती बसून ये.

तुझ्या काळजीत,
गोरखनाथ


खडकवस्ती,
२४ जानेवारी

ती. गोरखदादास ज्योतीचा नमस्कार.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. त्या गाडीच्या भरवशावर येऊ नकोस, असं तू तुझ्या हातानं लिहिलंस. सहीसाठी एक दिवस यायचं म्हटल्यावर तुला खड्डे दिसले, ट्रॅक्टर दिसले, जीप आठवली. मी तसल्याच रस्त्यानं तीन महिने रोज त्याच गाडीवर कामाला गेले, तेव्हा तुला काळजी वाटली नाही. मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही, दादा. तूच सांगितलंस.

जीप पाठवू नकोस. गेल्या सोमवारपासून मी ह्यांच्या दुधाच्या टेम्पोतून जाते, कॅनच्या मध्ये बसून. सहाला नेवाशात पोचते आणि लॅब उघडेपर्यंत दीड तास पायरीवर बसते. थंडी वाजते, पण नोकरी राहिली. तुझी गाडी उद्या त्याच टेम्पोतून तुझ्या दारात येईल. उतरवून घे.

२८ ला मी कामावर असेन. भाऊबीजेला येईन, दरवर्षीसारखं ओवाळीन. ताटात काही घालू नकोस.

तुझी बहीण, आणि उताऱ्यावर तुझ्या शेजारी नाव असलेली,
ज्योती